वगळलेला कोड : सॉफ्टवेअर पेटंट आणि ओपन सोर्स

लिनक्स ही ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशी, संगणक चालवणारी प्रणाली. तिच्यावर फाइल आवळायला (आकाराने लहान करायला) आज जीझिप वापरलं जातं, ते एका पेटंटमुळे. त्याआधी युनिक्स या जुन्या प्रणालीवर त्यासाठी ‘कॉम्प्रेस’ नावाची आज्ञा होती. ती एलझेडडब्ल्यू या पद्धतीवर चालायची आणि त्या पद्धतीवर पेटंट होतं. म्हणून जाँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी १९९२ मध्ये वेगळी पद्धत घेऊन जीझिप लिहिलं. ही वाट बदलायला कोर्टाच्या निकालाची गरज पडली नाही, धास्ती पुरली.

दोनच वर्षांनी तेच पेटंट मोठ्या प्रमाणावर बोचलं. जिफ चित्रांच्या पोटात एलझेडडब्ल्यूच होतं, आणि डिसेंबर १९९४ मध्ये पेटंटधारक युनिसिसने जिफ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून परवाना शुल्क घेणार असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात पीएनजी या पर्यायी चित्रप्रकारावर काम सुरू झालं. ‘जीडी’ ही चित्रं तयार करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) असंख्य वेबसाइटांमागे होती. तिच्यातून १९९९ मध्ये जिफ काढून टाकलं गेलं आणि पेटंटची मुदत संपल्यावर, २००४ मध्ये, परत आलं.

कॉपीराइटपासून वाचणं तुलनेने सोपं आहे : दुसऱ्याचा कोड उचलायचा नाही. पेटंटचं तसं नाही. तुम्ही सगळं स्वतःच्या डोक्याने लिहिलं असेल, ते पेटंट कधी पाहिलंही नसेल, तरी उल्लंघन होऊ शकतं. उलट, अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तिपटीपर्यंत भरपाई लावता येते. त्यामुळे अनेक प्रोग्रामरांना मिळणारा सल्ला असा, की पेटंट वाचूच नका. ज्ञान जाहीर व्हावं म्हणून पेटंट देतात, आणि ज्यांच्या कामाचं ते ज्ञान त्यांनी डोळे मिटून घ्यायचे!

ही अडचण मुख्यतः अमेरिकेतून आली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ‘डायमंड विरुद्ध डीअर’ खटल्यात सॉफ्टवेअर पेटंटांसाठी दार किलकिलं केलं. १९९८ च्या ‘स्टेट स्ट्रीट’ निकालाने व्यवसायाच्या पद्धतींनाही पेटंट मिळू लागलं. युरोपीय संसदेने मात्र जुलै २००५ मध्ये या विषयावरचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

मोठ्या कंपनीला खटल्याची नोटीस आली तर ती पैसे देऊन परवाना घेते आणि मोकळी होते. ओपन सोर्स प्रकल्पाला तेही जमत नाही. प्रतीमागे रॉयल्टी द्यायची, तर प्रती किती झाल्या हे मोजणार कोण? शिवाय लिनक्ससकट अनेक प्रकल्प ज्याखाली वाटले जातात त्या १९९१ च्या जीपीएल-२ परवान्याचं सातवं कलम स्पष्ट सांगतं : पेटंटमुळे सर्वांना मुक्तपणे वाटता येत नसेल, तर अजिबात वाटू नका. मग उरतं ते काढून टाकणं. २००२ मध्ये रेड हॅट कंपनीच्या लिनक्स ८ मधून एमपी३ गाणी वाजवण्याची सोय गेली. फ्रीटाइप या अक्षरं रेखणाऱ्या लायब्ररीत ट्रूटाइप फाँटमधल्या, अक्षरं पडद्यावर रेखीव बसवणाऱ्या सूचना चालवणारा कोड लिहून तयार होता, पण अॅपलची पेटंटं २०१० मध्ये संपेपर्यंत तो मुळात बंद ठेवलेला असायचा. पडद्यावरच्या खडबडीत अक्षरांसाठी लिनक्सला नावं ठेवली जायची, त्यामागचं हे एक कारण.

मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचं उल्लंघन करतात असा दावा केला. कोणती २३५, हे सांगितलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने टॉमटॉम या दिशादर्शक यंत्रं बनवणाऱ्या डच कंपनीवर खटला भरला. त्यातली काही पेटंटं फॅट या मायक्रोसॉफ्टच्या, फाइली साठवण्याच्या पद्धतीतल्या लांब नावांबद्दलची होती, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) कोडला भिडणारी. महिन्याभरात तडजोड झाली. टॉमटॉमने पैसे दिले आणि ती सोय दोन वर्षांत काढायचं कबूल केलं.

त्यानंतर सांबाचे (लिनक्स आणि विंडोजमध्ये फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) जनक अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिनक्ससाठी केलेली दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. फॅटमध्ये एकाच फाइलला दोन नावं असतात : एक लांब आणि एक जुन्या पद्धतीचं, आठ अधिक तीन अक्षरांचं. पेटंटचा दावा या जोडीवर होता. ट्रिजेल यांनी लांब नाव ठेवलं आणि छोट्या नावाच्या अकरा बाइटांत नाव म्हणून चालणारच नाहीत अशी चिन्हं भरली. म्हणजे नाव एकच उरलं. यात तांत्रिक सुधारणा शून्य, काही जुन्या यंत्रांशी बिनसण्याचा धोका मात्र वाढला. पेटंटमुळे मुद्दाम बिघडवून लिहिलेल्या कोडचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बचावाची फळी तोवर उभी राहिली होती. आयबीएम, नोव्हेल, फिलिप्स, रेड हॅट आणि सोनी यांनी २००५ मध्ये ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क स्थापन केलं : लिनक्सबाबत सभासदांनी एकमेकांवर पेटंट उगारायचं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ६० हजारांहून अधिक पेटंटांसह मायक्रोसॉफ्टही त्यात आली, आणि वर्षभरात तिने एक्सफॅट, म्हणजे फॅटची नवी आवृत्ती, कर्नलसाठी खुलं केलं.

पण हा तह कामाचा तो काहीतरी बनवणाऱ्यांमध्येच. पेटंट विकत घेऊन नुसते खटले भरणाऱ्या, म्हणजे ‘पेटंट ट्रोल’ म्हणवल्या जाणाऱ्या कंपन्यांना उलट्या खटल्याची भीती नसते. एप्रिल २०११ मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने लिनक्स कर्नलमधल्या कोडवरून गूगलला बेडरॉक नावाच्या कंपनीला ५० लाख डॉलर द्यायला सांगितलं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘अॅलिस’ निकालाने अशी बरीच पेटंटं कमकुवत केली, तरी खटला लढण्याचा खर्च तोच राहिला.

तोवर बाण सहसा वापरणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपन्यांवर सुटत. २०१९ मध्ये रॉथशील्ड पेटंट इमेजिंगने थेट नोम फाउंडेशनला, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या एका ना-नफा संस्थेला, कोर्टात खेचलं. कारण होतं शॉटवेल हा फोटो लावून ठेवणारा प्रोग्राम, आणि पेटंट होतं बिनतारी पद्धतीने चित्रं वाटण्याबद्दलचं. पैसे देऊन मिटवण्याऐवजी नोमने लढायचं ठरवलं आणि दीड लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमली. मे २०२० मध्ये तडजोड झाली. नोमने दमडीही दिली नाही. शिवाय मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याखालच्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर आपलं कुठलंच पेटंट वापरणार नाही, असं रॉथशील्डला लिहून द्यावं लागलं. ते पेटंट स्वतः मात्र शाबूत होतं. एका वकिलाने आपणहून फेरतपासणीचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने त्यातले दावे रद्द केले.