ज्येष्ठ नागरिक रेल्वे सवलत (गोवा)

ज्येष्ठ नागरिक रेल्वे सवलत : ठरावीक वय ओलांडलेल्या प्रवाशाला रेल्वेभाड्यात मिळणारी सूट. ती देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत प्रवासी पैसे भरून सवलतीचे कार्ड काढतो आणि ते चालू आहे तोवर प्रत्येक तिकिटावर सूट घेतो. दुसऱ्या तऱ्हेत वयाचा पुरावा पुरतो, वेगळे कार्ड लागत नाही. भारतीय रेल्वेची सवलत दुसऱ्या तऱ्हेची होती. ‘सिनियर सिटिझन कार्ड कुठे काढतात?’ असे गोव्यात आजही विचारले जाते. समाजकल्याण खात्याचे ओळखपत्र, आधार आणि निवृत्तिवेतनाचे पुस्तक अशी सगळी कागदपत्रे पिशवीत घेऊन माणसे आरक्षणाच्या खिडकीशी येतात. तिथे त्यांना कळते, की रेल्वेचे असे कार्डच नाही आणि ज्या सवलतीसाठी ते हवे होते ती २० मार्च २०२० पासून बंद आहे.

बंद होण्यापूर्वीचा नियम साधा होता. ६० वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषाला मूळ भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला ५० टक्के सूट मिळे. पुरुषांची सूट आधी ३० टक्के होती आणि स्त्रियांसाठीही वयाची अट ६० होती. दोन्ही बदल २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पाने केले. तिकीट काढताना पुरावा दाखवावा लागत नसे. आरक्षणाच्या अर्जात वय लिहून सवलत मागितली की झाले. मात्र गाडीत टीसीने विचारले तर वयाचा कागद हाताशी हवा. सूट फक्त मूळ भाड्यावर होती. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट अधिभार पुरताच भरावा लागे. तत्काळ तिकिटावर सूट नव्हतीच, आणि एका तिकिटावर दोन सवलतीही लागू होत नसत.

एका जोडप्याचा हिशेब मांडू. स्लीपरचे मूळ भाडे माणशी ५०० रुपये धरले, तर सवलतीत आबांचे ३०० आणि आजींचे २५० होत. माणशी २० रुपये आरक्षण शुल्क धरून दोघांची एक खेप ५९० रुपयांत होई. आज त्याच हिशेबाने १,०४० रुपये पडतात, म्हणजे जाऊन-येऊन ९०० रुपयांचा फरक. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठाला महिन्याला २,००० रुपये मिळतात; ज्या घरात हातखर्च त्यातूनच भागतो, तिथे मुंबईच्या लेकीकडे वर्षाला दोनदा जायचे की एकदाच, हे या फरकावर ठरते. कोकण रेल्वेवर आणखी एक गोष्ट आहे. या मार्गावर भाडे आकारताना अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरले जाते. म्हणून तेवढ्याच लांबीच्या इतर मार्गांपेक्षा इथले मूळ भाडे चढे असते, आणि टक्क्यांत मिळणारी सूटही इथे रुपयांत मोठी भरत असे.

सवलत एका झटक्यात गेली असे वाटते, पण तिला आधीपासून हात लागला होता. २०१६ मध्ये ती ऐच्छिक झाली; हवी असल्यास मागायची, नको असल्यास पूर्ण भाडे भरायचे. २०१७ मध्ये निम्मी सूट सोडण्याचा पर्याय आला. त्याच सुमारास तिकिटावर ‘भारतीय रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम वसूल करते’ या अर्थाची ओळ छापून येऊ लागली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात लोकांनी, विशेषतः वृद्धांनी, अनावश्यक प्रवास टाळावा असे कारण देऊन बहुतेक सवलती थांबवण्यात आल्या. साथ ओसरली, गाड्या पूर्वीसारख्या धावू लागल्या, पण ज्येष्ठांची सवलत परत आली नाही. रेल्वेने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार या सवलतीपोटी २०१७-१८ मध्ये १,४९१ कोटी, २०१८-१९ मध्ये १,६३६ कोटी आणि २०१९-२० मध्ये १,६६७ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागले. प्रत्येक प्रवाशाला भाड्यात सरासरी निम्म्याच्या आसपास सूट मिळतेच, हा रेल्वेमंत्र्यांचा युक्तिवाद. रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री टायर एसीपुरती सवलत सुरू करावी असे सुचवले होते. ही सूचना व्यवहार्य होती, कारण सवलतीची खरी गरज असलेला म्हातारा टू टायरमध्ये क्वचितच सापडतो. ‘सवलत पुन्हा सुरू’ हा संदेश मात्र दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर तर हमखास.

राहिला तो खालचा बर्थ. आरक्षणाच्या यादीत ‘लोअर बर्थ / सिनियर सिटिझन’ नावाचा कोटा दिसतो आणि नावामुळे पुष्कळांची फसगत होते. या कोट्यातून तिकीट काढले तरी भाडे पूर्णच पडते, फक्त बर्थ खालचा मिळतो. कोटा ६० वर्षांवरील पुरुष, ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी आहे. म्हणजे जुन्या सवलतीला स्त्रीचे वय ५८ लागे, इथे ४५ पुरते. स्लीपरच्या डब्यात सहा ते सात, थ्री टायर एसीत चार ते पाच आणि टू टायर एसीत तीन ते चार बर्थ यासाठी राखलेले असतात. अट एवढीच, की एका तिकिटावर एक किंवा फार तर दोन प्रवासी हवेत आणि दोघेही पात्र हवेत. घोळ होतो तो इथेच. आजी-आजोबांसोबत नातवाचे नाव एकाच तिकिटावर घातले की हा कोटा हातचा जातो, आणि मग पंचाहत्तरीच्या आजींना मधला बर्थ येतो. जाणते लोक दोन तिकिटे काढतात, एक म्हाताऱ्यांचे आणि एक तरण्यांचे, आणि गाडीत बसल्यावर जागा जुळवून घेतात. सर्वसाधारण कोट्यातही संगणक वय पाहून खालचा बर्थ देऊ पाहतो, पण तो शिल्लक असला तर. गाडी सुटल्यावर खालचा बर्थ रिकामा राहिला, तर तो वरच्या बर्थवरच्या ज्येष्ठाला द्यावा अशी टीसींना सूचना आहे. मागायला संकोच करू नये.

गुडघे दुखत असतील तर सवलतीच्या पैशांपेक्षा खालचा बर्थ मोलाचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्लीपरच्या मधल्या बर्थवर चढताना पाय टेकायला असते ती कडेची लोखंडी शिडी. तिच्या कांबी अरुंद, हाताला धरायला वरच्या बर्थची साखळी, आणि खाली कोणाची तरी चप्पल. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाने हा खेळ धावत्या गाडीत कसा करावा?

काही प्रवाशांना मात्र आजही भाड्यात सूट मिळते, आणि त्यांत वृद्ध पुष्कळ असतात. स्वातंत्र्यसैनिकांना आणि त्यांच्या विधवांना सोबत्यासह मोफत रेल्वे पास मिळतो. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेऊन केंद्राचे सन्मान निवृत्तिवेतन मिळालेले सैनिकही त्यांत येतात. म्हातारपणाशी जोडलेले खरे ‘कार्ड’ गोव्यात कोणाकडे असेल, तर ते या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या घरांत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडे माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. रुग्णालयाचा दाखला रेल्वेच्या नमुन्यात हवा. परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्या गोमंतकीयांना हे ठाऊक असतेच असे नाही. दिव्यांगांच्या चार गटांची सवलतही चालू आहे आणि त्यांना रेल्वेकडून ओळखपत्र मिळते. ते वयावर नव्हे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळते.

सवलत नसताना पैसे वाचवायचे, तर ते गाडी निवडताना वाचतात. गोव्यात दोन रेल्वे आहेत. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे पेडण्याहून थिवी, करमळी, मडगाव, काणकोण अशी उत्तर-दक्षिण जाते. पोर्तुगीज काळातली जुनी लाइन वास्कोहून मडगाव, सावर्डे, कुळे करत घाट चढते. ती दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे आहे. पणजीला स्टेशन नाही, पणजीकराला करमळी जवळ पडते. मुंबईला जायला मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस आणि जून २०२३ पासून वंदे भारत, अशा गाड्या आहेत. मांडवी अजून साधी एक्स्प्रेस आहे, कोकणकन्या सुपरफास्ट झाली. स्लीपरला त्याचे ३० रुपये जास्त. मांडवी दिवसाची गाडी असल्यामुळे बर्थची काळजी कमी आणि खाण्याची चंगळ जास्त, म्हणून म्हाताऱ्यांचा ओढा तिच्याकडे असतो. जनशताब्दीच्या टू-एसमध्ये, म्हणजे बसायच्या साध्या आरक्षित डब्यात, बसून जाणे सर्वांत स्वस्त आरक्षित पर्यायांपैकी एक, पण आठ-नऊ तास ताठ बसण्याची तयारी हवी. वंदे भारत आणि तेजसचे तिकीट काढताना जेवण नको असा पर्याय निवडता येतो आणि तेवढे पैसे कमी होतात. पथ्याचा डबा घरून नेणाऱ्यांनी तो जरूर निवडावा. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. चवथीला गावी येणाऱ्यांचा लोंढा त्याच दिवशी खिडकीवर येतो, आणि मग तत्काळचे जादा पैसे मोजण्याखेरीज गत्यंतर नसते. गोव्यातल्या गोव्यात वास्को-कुळे किंवा पेडणे-कारवार अशा साध्या गाड्यांना किमान भाडे १० रुपये आहे. तिथे कसली सूट मागणार?

कार्डाची पद्धत गोमंतकीयाला अनोळखी नाही, कारण ती लेकरांच्या घरी भेटते. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तिथे गेलेल्या आईवडिलांना मुले पहिल्या आठवड्यात ‘सिनियर रेलकार्ड’ काढून देतात. वय ६० पूर्ण हवे. पासपोर्ट दाखवून पाहुण्यालाही ते मिळते. बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. मार्च २०२५ पासून कार्डाची किंमत वर्षाला ३५ पौंड, तीन वर्षांसाठी ८० पौंड. वर्षात १०५ पौंडांची तिकिटे झाली की कार्डाचे पैसे वसूल, पुढचा सगळा फायदा. लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळी मात्र ते चालत नाही. पोर्तुगालची रेल्वे आपल्या जुन्या पद्धतीजवळची: ६५ पूर्ण झालेल्या कोणालाही ओळखपत्रावर निम्मे भाडे, कार्ड विकत घेणे नाही. लिस्बनहून परतलेले काका मडगावला तोच पासपोर्ट पुढे करतात, तेव्हा खिडकीमागच्या माणसाला हसू आवरत नाही.

रेल्वेची सूट गेल्यावर अनेकजण बसकडे वळले. गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये ज्येष्ठांना सवलत आहे. महाराष्ट्र एसटीने ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे ठेवले आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला. गोवा सरकारची देवदर्शन यात्रा योजना त्याच वर्षीची. तिच्यातून तिरुपती, शिर्डी आणि वेलंकणीला खास गाड्या निघाल्या. पण ती यात्रा आहे, लेकीच्या घरी जायला तिचा उपयोग नाही. एसटीची सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सावंतवाडीहून पणजीला निघालेल्या ऐंशीच्या आजींचे तिकीट कंडक्टर बांद्यापर्यंत शून्याचे काढतो आणि पत्रादेवीपासून पुढचे पैसे मागतो. त्या पदराची गाठ सोडून मोजून देतात.