चौक कुणाचा, तारा कुणाचा? सीमाभागातल्या नाताळ-सजावटीची पार्श्वभूमी

23 डिसेंबर 2021 रोजी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. नाताळ दोन दिवसांवर आला होता. त्याआधी, 11 डिसेंबरला, शहरातल्या एका चर्चच्या आवारात तलवार घेऊन शिरलेला माणूस फादरांच्या अंगावर धावून गेला होता आणि फादर थोडक्यात बचावले होते. विधेयक मंजूर झालं त्याच आठवड्यात मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपूरमध्ये एका शाळेतला नाताळचा कार्यक्रम बाहेरून आलेल्या टोळक्याने अडवला. तेव्हापासून डिसेंबर उजाडला की आपल्याकडे चर्चा सुरू होते: नाताळची रोषणाई, गोठा (येशूजन्माचा देखावा), तारे चर्चच्या कुंपणाआत असावेत की रस्त्यावरही चालतील? बेळगावात या प्रश्नामागे दोनशे वर्षं उभी आहेत, आणि गंमत नाही, खरोखरच त्यातली निम्मी भानगड नाताळची नाहीच.

1818 साली जनरल मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी वसली. आपला आजचा कॅम्प तो हाच. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 मध्ये इथे पोचले. 1904 मध्ये त्यांनी आपलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं. सेंट पॉल्स शाळा 1856 ची, गोऱ्या पलटणींसाठी बांधलेलं सेंट मेरीज चर्च 1869 चं. या काळातला नाताळ साहेबांचा होता: चर्च, क्लब, बंगल्याचा व्हरांडा. शहरातल्या गल्ल्यांना त्याचं देणंघेणं नव्हतं. कॅम्पचा कारभार आजही महापालिकेकडे नाही, संरक्षण खात्याच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. त्यामुळे नाताळची मोठी सजावट जिथे होते तो भाग आणि गणपतीचे मांडव जिथे पडतात तो भाग यांची मालकी, परवानग्या, नियम आधीपासूनच वेगळे राहिले. दोन सणांची एकाच रस्त्यावर गाठ पडायची वेळ फारशी आली नाही. शहरात सलोखा टिकला याचं श्रेय आपण स्वभावाला देतो, पण या वेगळेपणाचाही त्यात वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

ख्रिस्ती माणूस मात्र केवळ कॅम्पात नव्हता. खानापूर, नंदगडच्या पट्ट्यात गोव्याच्या बाजूने आलेली कोकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबं पिढ्यान्पिढ्या शेती करतात. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड, शाळेत इंग्रजी. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये स्वतंत्र झाला. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरला तर जेझुइट साधू भगवी वस्त्रं घालून, शाकाहारी राहून लिंगायत मठाच्या वळणाने आश्रम चालवत आले. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती 1.87 टक्के होते. बेळगाव जिल्ह्यात एक टक्काही नाहीत. ज्या सणाबद्दल एवढी चर्चा होते, तो साजरा करणारी माणसं इतकी कमी आहेत.

सुट्टीचं मूळही साहेबाच्याच राज्यातलं. 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात सार्वजनिक सुट्टी म्हणून रविवारबरोबर नाताळचं नाव थेट लिहिलेलं होतं. कचेऱ्या आणि कोर्टं बंद असत, वकील-मास्तर मंडळी मोकळी असत, म्हणून काँग्रेसची अधिवेशनंही बहुतेक नाताळच्या आठवड्यात भरत. 1885 चं मुंबईचं पहिलं अधिवेशन 28 डिसेंबरला सुरू झालं. बेळगावचं 1924 चं अधिवेशन, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव, 26 आणि 27 डिसेंबरला टिळकवाडीत भरलं. साहेबाच्या सणाची सुट्टी साहेबाविरुद्धच्या लढ्याला कामी आली. आणि 25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेबांनी महाडात मनुस्मृतीचं दहन केलं, 2014 पासून तोच दिवस केंद्र सरकारने सुशासन दिन ठरवला. या तारखेवर एकट्या ख्रिस्ती समाजाचा हक्क कधी नव्हता, आणि तो कुणी सांगितल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही.

धार्मिक सण रस्त्यावर आणायची रीत मात्र बेळगावला टिळकांनी लावली. 1905 मध्ये झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला. तेव्हापासून इथला चौक हेच आमचं व्यासपीठ. विसर्जनाची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावावर महापालिकेचे कर्मचारी क्रेन आणि दिवे लावून उभे असतात. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, तिला आजूबाजूच्या खेड्यांतून माणूस लोटतो. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ, मराठी माणसं काळा दिन पाळतात. कॅम्पात असदखानाच्या दर्ग्याला हिंदूही जातात. किल्ल्यात जैनांची कमल बस्ती, साफा मशीद आणि दुर्गादेवी एकाच तटबंदीत आहेत. रस्त्यावर देव आणण्याला इथे कुणाचाच विरोध नाही. भांडण लागतं ते चौकावर कुणाची खूण कायम राहते यावरून.

1956 च्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, महाजन आयोगाने 1967 मध्ये ते तिथेच ठेवायला सांगितलं, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या सगळ्याचा परिणाम म्हणून इथली प्रत्येक पाटी, प्रत्येक झेंडा, प्रत्येक पुतळा सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा वाचला जातो. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक जुलै 2014 मध्ये उखडला गेला आणि गावात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ऑगस्ट 2020 मध्ये मणगुत्तीत शिवाजी महाराजांचा पुतळा हटवला गेला. त्याच महिन्यात पिरनवाडीत रात्रीतून कन्नड स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा उभा राहिला आणि चौकाचं नाव शिवाजी महाराजांचंच ठेवून तोडगा काढावा लागला. डिसेंबर 2020 मध्ये महापालिकेसमोर कन्नडिगांचा लाल-पिवळा झेंडा फडकावला गेला. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूत महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, पाठोपाठ अनगोळमध्ये रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली आणि शहरात जमावबंदी लागली. तो नाताळ त्या जमावबंदीच्या सावटाखालीच गेला. अशा गावात कागदाचा तारासुद्धा कुणीतरी ‘यांचं काय चाललंय’ म्हणून बघणार, हे उघड आहे.

पण तारा खरोखर काही मागतो का? नाताळची सजावट फार तर 6 जानेवारीपर्यंत असते. नंतर ती उतरते. तिच्या खाली चौथरा राहत नाही, चौकाचं नाव बदलत नाही, ती सीमाप्रश्नात कुणाच्या बाजूनेही उभी नाही.

गोठा बांधताना एकदा जवळून बघावं. आठ-दहा दिवस आधी ताटलीत माती पसरून नाचणी पेरतात. नाताळपर्यंत बोटभर उंच हिरवीगार रोपं येतात, तीच गोठ्यापुढची कुरणं. खाकी कागद चुरगाळून, त्यावर काळा-करडा रंग मारून डोंगर करतात, वर पेंढ्याचं छप्पर, आत बाळ येशू, मारिया, योसेफ, गाई-मेंढ्या. दोन महिन्यांपूर्वीच, दिवाळीत, याच गावातल्या पोरांनी किल्ले केलेले असतात: पोती चिखलात बुडवून त्यांचे कडे, मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ, सिंहासनावर महाराज, खाली मावळे. भाऊबीजेला किल्ले बघायला गर्दी होते तशी नाताळात गोठे बघायला होते. 31 डिसेंबरला कॅम्पात आणि आता गल्लोगल्ली जो ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात, तो बनवणाऱ्या पोरांची आडनावं विचारायला गेलात तर सगळ्या धर्मांची सापडतील.

जगात हा वाद कोर्टात फार पूर्वीच गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांनीच 1659 मध्ये नाताळवर बंदी घालून पाच शिलिंग दंड ठेवला होता. ती 1681 पर्यंत टिकली. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये पॉटकेट गावाच्या सजावटीतला गोठा पाचास चार मतांनी चालवून घेतला, कारण त्याच्याबरोबर सांता आणि हरणंही होती. 1989 मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या इमारतीतल्या जिन्यावर एकटा मांडलेला गोठा मात्र घटनाबाह्य ठरला, तर जवळच झाडासोबत ठेवलेला ज्यूंचा दीपवृक्ष चालला. फ्रान्समध्ये 2016 ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारी इमारतीतल्या गोठ्याला सांस्कृतिक परंपरेच्या अटीवर परवानगी दिली. तिथे प्रश्न असा की बहुसंख्यांचा धर्म सरकारने आपल्या दारात मांडावा का. आपल्याकडे उलट आहे. मूठभर लोक स्वतःच्या पैशाने स्वतःच्या दारात किंवा परवानगी घेऊन रस्त्यावर तारा लावतात, आणि त्यांना अडवणारे सरकारी नसतात. तिकडचे निकाल इकडे चिकटवून उपयोग नाही.

आपल्या घटनेचं कलम 25 धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कलम 27 सांगतं की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खर्चायचा कर कुणावर लादता येणार नाही. हज अनुदानाच्या खटल्यात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळवला तरच हे कलम मोडतं; थोडाफार खर्च केल्याने नाही. म्हणूनच कपिलेश्वर तलावावरची क्रेन चालते, उरुसाला लावलेला पाण्याचा टँकर चालतो, आणि नाताळच्या रात्री चर्चसमोर जादा दिवे लावले तर तेही चालायला हवेत. सार्वजनिक जागेत कायमचं बांधकाम हा वेगळा विषय. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं रोखली, ते योग्यच. चार दिवसांच्या मांडवाला किंवा ताऱ्याला तो आदेश दाखवणं चूक आहे.

कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, नावाखाली धर्मांतर होतं, असा आक्षेप ऐकू येतो. तो मनापासून घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांना मी हसण्यावारी नेत नाही. जबरदस्ती किंवा फसवणूक झाली तर तक्रार द्यावी, पोलिसांनी तपास करावा. 2021 चं विधेयक पुढे 2022 मध्ये कायदा झालं आणि जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने ते रद्द करायचं ठरवलं. या सगळ्या घडामोडींत शाळेच्या दारावरचा तारा किंवा दुकानातला सांता हा गुन्हा आहे असं कोणत्याही कायद्यात कधी लिहिलेलं नव्हतं. तरीही शाळा सजावट आवरती घेतात, दुकानदार बोर्ड काढून ठेवतात. कुणी लेखी बंदी घातलेली नसते. नको ती कटकट, एवढंच कारण असतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. मराठी पाटी लावताना हीच धास्ती आपण वर्षानुवर्षं अनुभवली आहे. ज्याला ती ठाऊक आहे त्याने दुसऱ्याला ती द्यावी, हे माझ्या पचनी पडत नाही.

आता कामाची गोष्ट. गणेशोत्सवात मंडळांसाठी एक खिडकी सुरू होते: पोलीस, महापालिका, हेस्कॉम (वीज कंपनी), अग्निशमन दल यांच्या परवानग्या एका जागी मिळतात. रस्त्यावर सजावट करू इच्छिणाऱ्या चर्च समित्यांना आणि तरुण मंडळांना डिसेंबरात हीच खिडकी उघडी मिळाली तर निम्मे वाद टेबलावरच मिटतील. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद असतात, मात्र राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणते, याची यादी महापालिकेच्या आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या फलकावर लावावी, आणि नाताळची रात्र त्यात आहे की नाही हे आपण मराठी माणसांनीही जाऊन विचारावं.