आधी शीर मोजा, मग नळी निवडा

अतिदक्षता विभागाच्या दारात नातेवाइकांना सांगितलं जातं, 'सेंट्रल लाइन टाकावी लागेल, इथे सही करा.' त्या घाईत पुढचा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही: कुठल्या शिरेत, आणि केवढ्या जाडीची?

हातावरच्या सलाईनच्या बारीक शिरांना काही औषधं सोसत नाहीत. रक्तदाब टिकवून धरणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन, पोटॅशियमचं तीव्र द्रावण, काही केमोथेरपीची औषधं शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूची कातडी आणि स्नायू अक्षरशः मरतात. म्हणून लांब मऊ नळी मोठ्या शिरेत घालतात; हीच सेंट्रल लाइन. तिथे वाहतं रक्त इतकं असतं की औषध क्षणात पातळ होऊन पुढे जातं. अशा मोठ्या शिरा हाताशी येतात त्या तीन जागी: मानेत, कॉलरबोनखाली आणि जांघेत.

जांघेतल्या शिरेची बदनामी जुनी आहे आणि ती निराधार नाही. फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जांघेतून नळी घातलेल्या 21.5 टक्के रुग्णांच्या शिरेत गुठळ्या सापडल्या. कॉलरबोनखालून घातलेल्यांत हे प्रमाण 1.9 टक्के होतं. 2015 साली फ्रान्समधूनच आलेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या अभ्यासानेही जंतुसंसर्ग आणि गुठळी या दोन्ही बाबतींत कॉलरबोनखालची जागा सरस ठरवली. मात्र तिथे सुई चुकली तर फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा धोका जास्त, हेही त्यातच दिसलं.

मग पाय वापरायचाच कशाला? कारण काही रुग्णांपुढे दुसरा पर्यायच नसतो. छातीतल्या गाठीने वरची महाशीर दाबली गेलेली असते. मान, छाती, हात भाजलेले असतात. मूत्रपिंडं अचानक बंद पडून श्वास लागलेला माणूस आडवा होऊ शकत नाही आणि डायलिसिस तर तासाभरात सुरू करायचं असतं. अशा वेळी 'पायात नको' म्हणून चालत नाही. पायातच, पण कमीत कमी धोक्याने कसं, एवढंच पाहायचं उरतं. आणि इथे सोनोग्राफीचं यंत्र दोन वेगळी कामं करतं. सुईला वाट दाखवणं हे पहिलं. ते आता पुष्कळ ठिकाणी होतं. नळी निवडण्याआधी शीर मोजणं हे दुसरं, आणि माझ्या मते तितकंच मोलाचं. ते मात्र घाईत सहज राहून जातं.

मोजायचं का, ते समजून घ्यायला थोडं गणित करू. रक्त गोठण्याची कारणं तीन गटांत मोडतात: शिरेच्या भिंतीला इजा, रक्ताची गोठण्याची वाढलेली वृत्ती आणि मंदावलेला प्रवाह. हा विचार जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांच्या 1856 च्या लेखनाशी जोडला जातो. सुई टोचली की भिंतीला इजा होणारच. गंभीर आजारात रक्त गोठायला टपलेलंच असतं. आपल्या हातात राहतो तो फक्त प्रवाह.

शिरेच्या व्यासाच्या निम्म्या जाडीची नळी आत घातली, तर ती शिरेच्या पोकळीचा जेमतेम चौथा हिस्सा अडवते. वाटतं की तीन हिस्से रक्त तर वाहतंच राहील. पण द्रवाची वाहण्याची रीत तशी नाही. भिंतीला चिकटलेला थर जवळजवळ स्थिर असतो आणि सगळ्यात वेगवान धार असते मधोमध. नळी नेमकी तिथेच एक नवी भिंत उभी करते. नळी बरोबर मध्यावर आहे आणि दाब तेवढाच आहे असं धरून गणित मांडलं, तर प्रवाह मूळच्या साधारण आठव्या हिश्शावर येतो. नळी व्यासाच्या एक तृतीयांश असेल तर सुमारे पाव हिस्सा प्रवाह उरतो. प्रत्यक्षात नळी बऱ्याचदा भिंतीला टेकून पडते, शरीर दाब बदलतं, शेजारच्या शिराही मदतीला येतात, त्यामुळे घट एवढी तीव्र होत नाही. पण दिशा तीच राहते: नळी थोडी जाड झाली की प्रवाह मोठा खाली येतो.

म्हणूनच नियम ठरले. अमेरिकेतल्या इन्फ्यूजन नर्सेस सोसायटीची मानकं सांगतात की नळीने शिरेच्या व्यासाचा 45 टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये. इटलीतला गावेसेल्ट हा तज्ज्ञांचा गट याहून कडक आहे. तो एक तृतीयांशावर थांबतो. दोन्ही नियमांचा भर मुळात दंडातून घालायच्या नळ्यांवर होता, पण प्रवाहाचं गणित दंडात आणि मांडीत वेगळं नसतं.

एक तृतीयांशाच्या नियमात एक देखणी सोय दडलेली आहे. नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या एककात सांगतात. 19व्या शतकात पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या शारिएर यांची ही मोजपट्टी. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. त्यामुळे 4 फ्रेंचची नळी 1.33 मिलिमीटर जाड आणि तिला शीर हवी किमान 4 मिलिमीटरची. 5 फ्रेंचला 5 मिलिमीटर, 6 ला 6. पाकिटावरचा आकडा हाच शिरेचा किमान व्यास! आयसीयूतल्या रात्रपाळीला याहून सोपा हिशेब कुठला मिळणार?

डायलिसिसची नळी इथे अडचणीची ठरते. ती साधारण 12 फ्रेंच, म्हणजे 4 मिलिमीटर जाड असते. प्रौढाच्या जांघेतली शीर सेंटिमीटरभर रुंद असली तरी एक तृतीयांशात ती बसत नाही, 45 टक्क्यांत कशीबशी बसते. जांघेतली डायलिसिसची नळी थोड्याच दिवसांसाठी ठेवावी, असं मूत्रपिंडतज्ज्ञ बजावतात, त्यामागे जंतुसंसर्गाच्या जोडीने हेही कारण आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. सोनोग्राफी यंत्राचा पट्टीसारखा सपाट प्रोब (कातडीवर टेकवायचा भाग) जेल लावून जांघेत आडवा धरतात. 10 मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातात. त्यांची तरंगलांबी 0.15 मिलिमीटर. 4 आणि 5 मिलिमीटरमधला फरक ओळखायला एवढी बारकाई पुरते. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. एक ठोक्याठोक्याने उडतं, ती रोहिणी, म्हणजे धमनी. दुसरं प्रोब हलकेच दाबला की चपटं होऊन मिटतं, ती शीर. दाबूनही मिटली नाही तर आत आधीच गुठळी असण्याची शक्यता मोठी. तिथे सुई घालायची नाही, कारण सुटलेला तुकडा थेट फुप्फुसात जाऊ शकतो.

पण जो दाब गुठळी शोधून देतो, तोच मोजमाप बिघडवतो. मोजताना प्रोब जेलवर नुसता टेकलेला हवा, नाहीतर 6 मिलिमीटरची शीर 4 ची दिसेल. तो तिरका धरला तर उलटं होतं: वर्तुळाचा लंबगोल होतो आणि शीर आहे त्यापेक्षा मोठी भासते. रुग्णाने खोल श्वास घेऊन कुंथलं, की जांघेतली शीर चांगलीच फुगते. सुई घालायला ती फुगलेली बरी. नळीची जाडी ठरवायला मात्र शांत श्वासातलं माप घ्यायचं, कारण नळी पुढचे कित्येक दिवस त्याच शिरेत राहणार असते. चित्र गोठवून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत दोन खुणा टेकवल्या की माप मिळतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

प्रोब जांघेतून मांडीकडे सरकवत नेला की आणखी एक गोष्ट उलगडते. जांघेच्या घडीजवळ शीर रोहिणीच्या आतल्या बाजूला, शेजारी असते. चार बोटं खाली गेलं की ती रोहिणीच्या मागे सरकू लागते. जुन्या पद्धतीत रोहिणीचा ठोका बोटाने चाचपून तिच्या आतल्या बाजूला सुई घालत. पण रक्तदाब पार उतरलेल्या माणसात ठोकाच लागत नाही, आणि स्थूल माणसात कातडीची घडी खरी जागा दाखवत नाही. सुई फार वर गेली तर रक्तस्राव पोटाच्या मागच्या बाजूला होतो आणि तिथे बाहेरून दाबून तो थांबवता येत नाही. लहान मुलांत शीर आणि रोहिणी एकमेकींवर चढलेल्या असण्याचं प्रमाण लक्षणीय. मुलाचा पाय बाहेर फाकवून वळवला की शीर रोहिणीपासून थोडी बाजूला येते आणि तिचा व्यासही वाढतो. हा बदल पडद्यावर लगेच दिसतो.

मोजायची सवय लागली की जांघेचा हट्टही सुटतो. तिथे घाम, ओल, डायपर, लघवी; जंतूंना आणखी काय हवं? मांडीच्या मध्यावरची शीर पुरेशी रुंद निघाली, तर तिथूनच नळी घालता येते आणि कातडीवरचं छिद्र कोरड्या, स्वच्छ जागी राहतं, ड्रेसिंग नीट चिकटतं. ती अरुंद निघाली तर शिरेत प्रवेश जांघेतून करून नळी कातडीखालून मांडीच्या मध्यापर्यंत आणतात. यातलं काय करायचं हे बोटांच्या अंदाजाने ठरत नाही. त्याला मिलिमीटरच लागतात.

आपल्याकडे यात कायद्याचीही बाजू आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पुढे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी सक्तीची झाली. फक्त शिरा पाहण्यासाठी आयसीयूत ठेवलेलं छोटं यंत्रही त्यातून सुटत नाही. मुलींच्या जिवासाठी केलेला हा कायदा सैल करावा, असं मला मुळीच वाटत नाही. पण नोंदणीची कटकट नको म्हणून आयसीयूने यंत्राविनाच चालवावं, हेही पटत नाही. रुग्णालयात नोंदणी झालेलं यंत्र असेल, तर आयसीयूसाठी आणखी एक रीतसर नोंदवून घेणं हे कागदपत्रांचं काम आहे आणि ते व्यवस्थापनाने एकदा बसून पुरं करायला हवं. तोवर, सही करण्याआधी नातेवाइकांनी 'शीर मोजली का?' एवढं नम्रपणे विचारलं, तर चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.