गावातली समिती आणि जिल्ह्याची समिती: मुलीसाठी कुणाकडे जायचं?

मुलीच्या बाबतीत काही वावगं दिसलं की गावात कुणीतरी म्हणतं, "समितीला कळवा." पण कोणत्या? ग्राम बाल संरक्षण समिती आणि बाल कल्याण समिती यांची नावं इतकी सारखी की माणसं भलतीकडेच हेलपाटे घालतात. मुलगी तस्करी करणाऱ्या एजंटच्या हाती लागली असेल, तर वाया गेलेला एक दिवसही फार महागात पडतो.

ग्राम बाल संरक्षण समिती आपल्या गावचीच. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत पोलीस पाटील, शिक्षक अशी मंडळी. तिला कुणाला अटक करता येत नाही, की मुलीचा ताबा कुणाकडे द्यायचा हे ठरवता येत नाही. पण कुणकुण सगळ्यात आधी तिलाच लागते. बीडकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात. जी मागे राहते ती आजीकडे. मग एखादा 'ओळखीचा' दारात येतो: शहरात घरकाम आहे, जेवणखाण तिकडंच, थोडे पैसे आत्ताच घ्या. नववीच्या हजेरीपटावर एका नावापुढे सलग गैरहजेरी लागली, की शिक्षकांनी त्याच आठवड्यात घर गाठायचं. कुठे गेली? कुणाबरोबर? फोनवर तिच्याशी बोलणं होतं का? आई-बाप फडावर जाण्याआधीच मुलीची हंगामी वसतिगृहात सोय लावणं हेही याच समितीचं काम. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि कितीतरी गावांत ही समिती फक्त कागदावर आहे याचा मला संताप येतो.

बाल कल्याण समिती जिल्ह्याची. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सोडवलेल्या मुलीला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत तिच्यापुढे हजर करावं लागतं. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही चालतं. मुलगी घरी जाणार की बालगृहात, हे चौकशी करून तीच ठरवते. पैसे घरच्यांनीच घेतले असतील, तर ही चौकशी फार महत्त्वाची.

खरं नुकसान होतं ते गावची समितीच निवाडा करायला बसते तेव्हा. पैसे परत, माफी, मिटलं. असं मिटवता येत नाही. मुलीचं शोषण करण्यासाठी तिच्या पालकांना पैसे देऊन, त्यांची संमती मिळवून तिला नेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार तस्करीच आहे. मुलगी स्वतः "हो" म्हणाली असली तरी फरक पडत नाही, आणि ती अल्पवयीन असेल तर शिक्षा किमान 10 वर्षांची. गावाने 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलिसांची तातडीची मदत) ला फोन करायचा. तिचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर फिरवायचं नाही, तो गुन्हा आहे.

मुलगी घरी परतली की काम पुन्हा गावच्या समितीकडे येतं. शाळेत तिचं नाव चालू करून घेणं, अंगणवाडी ताईंनी अधूनमधून घरी डोकावणं, आणि पुढच्या हंगामात ती कुणाकडे राहणार हे टोळी निघायच्या आधी पक्कं करणं.