टाकीत उगवलेलं समुद्रफूल आणि त्याला खाणारी गोगलगाय

ठाण्या-नवी मुंबईत घरात प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं हे मोठ्या निगुतीचं काम आहे. आपली खाडी हाकेच्या अंतरावर असली तरी तिचं गढूळ, पावसाळ्यात गोडं होत जाणारं पाणी इथे चालत नाही. आरओच्या पाण्यात मोजून मीठ मिसळायचं, घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची, एप्रिल-मेच्या उकाड्यात चिलर चालवायचा. इतकं करून सजवलेल्या टाकीत एक दिवस खडकाच्या फटीतून तपकिरी, अर्धपारदर्शक, फुलासारखं काहीतरी डोकावतं. घरी आलेले पाहुणे कौतुक करतात, पण जाणकाराच्या पोटात गोळा येतो, कारण ते एप्टेझिया असतं.

एप्टेझिया हे समुद्रफूल, म्हणजे प्रवाळाच्याच कुळातला प्राणी. विकत आणलेल्या खडकाला किंवा प्रवाळाच्या तुकड्याला चिकटून, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं लहान असताना ते घरात शिरतं. त्याच्या स्पर्शकांत डंखपेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला डंख मारत ते जागा बळकावतं. पोटाची सोय दोन्हीकडून असते: पाण्यातले अन्नकण ते पकडतंच, शिवाय त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडात साखर तयार करून त्याला पुरवतात.

खरवडून काढावं, तर ते वाढतं. काचेला चिकटलेलं एप्टेझिया पलीकडच्या बाजूने भिंगातून पाहा. ते काचेवरून हळूहळू सरकतं आणि सरकताना तळव्याच्या कडेचे बारीक ठिपके मागे सोडतं. काही दिवसांत त्या ठिपक्यांना स्पर्शक फुटतात आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्र प्राणी होतो. आपण चाकूने खरवडतो तेव्हा हेच काम त्याला करून देतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याची, घट्ट लापशी सिरिंजने त्याच्या तोंडात सोडली तर तेवढं एक मरतं. पण हात पोहोचत नाही अशा फटीतली शिल्लक राहतात आणि एकाच वेळी फार चुना घातला तर पाण्याचा पीएच चढतो.

हाच चिवटपणा शास्त्रज्ञांच्या मात्र कामी आला आहे. प्रवाळ वाढायला फार वेळ घेतो आणि प्रयोगशाळेत जगवणंही कठीण. एप्टेझिया साध्या भांड्यात वाढतं. त्याच्यातली शैवालं काढून टाकली तरी ते जगतं आणि पुन्हा दिली तर सामावून घेतं. समुद्र तापल्यावर प्रवाळ आपली शैवालं गमावून पांढरे का पडतात, हे समजून घ्यायला याहून सोयीचा प्राणी मिळणं अवघड. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही याच कारणाने. ज्याला आपण टाकीतून हाकलू पाहतो, तो प्रवाळ वाचवण्याच्या अभ्यासात आघाडीवर आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

मग समुद्रात सगळीकडे एप्टेझियाच का माजत नाही? कारण तिथे त्याला खाणारे आहेत. आपण समुद्राचा एक तुकडा घरी आणतो, पण खाणारे मागेच राहतात. आपल्या देशाने हा धडा जमिनीवर शिकलेला आहे. बाहेरून आलेल्या फड्या निवडुंगाने एकेकाळी देशात मोठी जमीन व्यापली होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका कोचिनील किड्याने तो आटोक्यात आणला. तो किडा निवडुंगावरच जगतो. माझ्या मते टाकीसाठी भक्षक निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा आणखी काय काय खातो?

पेपरमिंट कोळंबी सर्वांत लोकप्रिय. पारदर्शक अंगावर उभ्या लाल रेषा असलेली ही कोळंबी लहान एप्टेझिया खाते, पण प्रत्येक कोळंबी खाईलच असं नाही. रोज आयतं खाणं मिळालं तर ती समुद्रफुलाकडे ढुंकूनही पाहत नाही. दुकानात तिच्याऐवजी कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाण्याचाही धोका असतो. तिच्या लाल अंगावर पांढऱ्या रेषा-ठिपके असतात, पाठीला कुबड असतं आणि ती मऊ प्रवाळच कुरतडते. लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेझिया टिपून खातो, पण त्याला ४००-५०० लिटरची टाकी लागते आणि नव्या घरात तो कित्येकदा अन्नालाच तोंड लावत नाही. एप्टेझिया खाणारा फाइलफिश काटक आहे, पण प्रवाळालाही चिमटे काढतो.

उरते ती बर्गिया. फ्लोरिडाकडच्या समुद्रातली ही बिनशंखाची गोगलगाय दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि एप्टेझियाशिवाय दुसरं काहीही खात नाही. ती रात्री बाहेर पडते, म्हणून दिवे बंद करून लाल टॉर्चच्या उजेडात पाहायला हवं. समुद्रफुलाला तोंड लागताच ती दचकून मागे सरते आणि पाठीवरच्या बोटांसारख्या शिंगट्या ताठ करते. समुद्रफूल अंगातून पांढरे डंखधागे बाहेर फेकतं. बर्गिया थांबते, पुन्हा पुढे सरकते आणि बुंध्यापासून खायला लागते. गंमत म्हणजे गिळलेल्या डंखपेशींपैकी काही न फुटता तिच्या शिंगट्यांच्या टोकांशी पोहोचतात आणि तिच्याच संरक्षणाला कामी येतात.

दोन बर्गिया भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात, कारण प्रत्येक जण नरही असते आणि मादीही. पांढरी, मळसूत्री अंड्यांची माळ खडकावर दिसली की समजावं, टाकी तिला मानवली आहे. मात्र सिक्सलाइन रास मासा आणि पेपरमिंट कोळंबी तिलाच खाऊन टाकतात, म्हणून कोळंबी आणि बर्गिया एकत्र ठेवू नयेत. पॉवरहेडमध्ये, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपात, ती सहज ओढली जाते, तेव्हा पंपाच्या तोंडाला जाळी लावावी आणि तिला एप्टेझियाच्या अगदी जवळ सोडावं. बर्गिया सावकाश खाते, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. त्या काळात माशांना खाणं बेतानेच घाला, उरलेल्या खाण्यावर एप्टेझिया फोफावतं.

शेवटचं समुद्रफूल संपलं की बर्गिया उपाशी मरते. तिच्या काटेकोरपणाची ही किंमत तिलाच मोजावी लागते आणि ती टाळणं आपल्या हातात आहे. तिला खाडीत मात्र सोडू नका. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. परका प्राणी, टाकीतला खडक किंवा टाकीचं पाणी तिथे ओतणं योग्य नाही. एप्टेझिया संपत आलं की टॉर्च घेऊन बर्गिया गोळा कराव्यात आणि ज्याच्या टाकीत अजून उपद्रव आहे त्याला द्याव्यात. वाशीतलं काम उरकलेली गोगलगाय टाकीच्याच पाण्याच्या पिशवीत घालून त्याच संध्याकाळी माजिवड्याला पोहोचवता येते.