डेऱ्यावरचं कुत्रं आणि कलेजीतली गाठ

कपाशीची शेवटची वेचणी झाली, रान मोकळं झालं की नागपूर-वर्ध्याकडचे शेतकरी लेंडीखतासाठी वावरात मेंढ्या बसवतात. रबारी, धनगरांच्या डेऱ्याबरोबर लांडग्याच्या धास्तीनं पाळलेली कुत्रीही येतात. हायडॅटिड रोग, म्हणजे कलेजीत-फोपशात पाण्याच्या गाठी धरण्याचा आजार, माणसाला होतो तो कुत्र्याकडून. मेंढीकडून थेट होत नाही, मटण खाऊनही नाही.

कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी राहतो. लांबी ३ ते ७ मिलिमीटर, संख्या कधीकधी हजारोंत. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढीच्या पोटात ती गेली की कलेजीत, फोपशात पाण्यानं भरलेल्या गाठी धरतात. माणसातही तसंच. गाठ वर्षाला १ ते ५ सेंटिमीटर वाढते. पोट दुखू लागेपर्यंत लागणीचा मुक्काम कधीच मागे पडलेला असतो, त्यामुळे ही साथ कुणाला साथ वाटतच नाही. केनियातल्या तुर्काना पशुपालकांत आम्रेफ या आरोग्य संस्थेनं १९८३ मध्ये या रोगाविरुद्ध मोहीम सुरू केली. पुढे वस्त्यांवरच सोनोग्राफी झाली, तेव्हा काहीही त्रास नसलेल्यांच्या पोटातही गाठी निघाल्या.

कुत्र्याला कृमी होतात ते मेंढीच्या अशा गाठी खाऊन. त्यात सगळ्यात घातक म्हातारी मेंढी. गाठीत नवे कृमी तयार व्हायला वर्षं लागतात, आणि वाटेत मरते किंवा कापली जाते ती बहुधा हीच. गाठींची कलेजी कुत्र्यापुढे टाकू नये. अर्धा तास खळखळ उकळावी किंवा जाळावी. पुरायची तर खोल, वर दगड रचून. उथळ खड्डा कुत्री रातोरात उकरतात.

कुत्र्याला प्राझिक्वान्टेल हे पट्टकृमीचं औषध द्यायचं, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. १५ किलोच्या कुत्र्याला ७५, म्हणजे ५० मिलिग्रॅमची दीड गोळी. कृमीला अंड्यावर यायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून डोसही दर सहा आठवड्यांनी. भाकरीत लपवलेली गोळी कुत्रं हमखास थुंकतं. ती जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटून धरावं. खरा घोळ नंतर होतो. औषधानं कृमी मरतात, अंडी नाही. त्यामुळे दोन दिवस कुत्रं बांधून ठेवावं, विष्ठा जाळावी. मेंढ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध कुत्र्याला टोचून भागवणारेही असतात. पट्टकृमीला त्यानं काही होत नाही.

सॅनिटायझरनं अंडी मरत नाहीत. कुत्र्याशी खेळलेल्या लेकरांचे हात साबणानं चोळून धुवावे लागतात.

उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा गोळा जाणवला तर आधी सोनोग्राफी. गळू समजून कुणाला सुई खुपसू देऊ नये: गाठ फुटली तर अ‍ॅलर्जीनं जीव जाऊ शकतो, आणि सांडलेल्या पाण्यातून पोटभर नव्या गाठी होतात. उपचार गाठीच्या अवस्थेप्रमाणे ठरतो. अल्बेंडाझोल हे कृमीचं औषध महिनोन्‌महिने चालतं, मधूनमधून रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या लागतात. डेरा हलायच्या आधीच पुढच्या वाटेवरचा दवाखाना विचारून ठेवावा, आणि सोनोग्राफीचा कागद प्लास्टिकमध्ये बांधून सोबत न्यावा.