प्रादेशिक सेनेतील स्वेच्छा प्रशिक्षण

प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, बोलण्यात ‘टीए’) ही भारतीय भूसेनेची अर्धवेळ राखीव फळी. तिच्यातले जवान आणि अधिकारी एरवी नोकरी, धंदा किंवा शेती करतात आणि वर्षातले ठरावीक दिवस गणवेश चढवून सराव करतात. हे ठरावीक दिवस संपल्यावरही आपणहून आणखी सराव मागून घेण्याची सोय नियमांतच आहे. तिलाच स्वेच्छा प्रशिक्षण म्हणतात. टीएचे वर्णन बहुतेक वेळा ‘वर्षातून महिनाभर सैनिक’ एवढ्यावर संपते, आणि वाढीव दिवस देणाऱ्यांची गोष्ट त्यात राहूनच जाते.

इंग्रजी अमदानीत 1920 च्या कायद्याने इंडियन टेरिटोरियल फोर्स उभी राहिली होती. स्वातंत्र्यानंतर 1948 चा प्रादेशिक सेना कायदा झाला. 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे रीतसर उद्घाटन झाले. तो दिवस आजही टीए दिन म्हणून पाळतात. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे ब्रीद. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या कामाला आल्या.

सरावाचा हिशोब तुकडी शहरी की ग्रामीण यावर ठरतो. शहरी तुकडीत नव्या भरतीला पहिल्या वर्षी 32 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण असते. पुढे दरवर्षी 30 दिवस, त्यांतले 14 दिवस शिबिरात. स्वतःच्या विनंतीवरून हे 30 दिवस 60 पर्यंत वाढवून घेता येतात. उरलेला सराव शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी होतो आणि चार तासांचा एक दिवस धरतात. ग्रामीण तुकड्यांत वार्षिक शिबिरच दोन महिन्यांचे असते. अधिकाऱ्यांना कमिशन मिळाल्यानंतर दोन वर्षांच्या आत दहा आठवड्यांचे वेगळे प्रशिक्षण पुरे करावे लागते. याशिवाय ज्याला सैनिकी शिक्षण जास्त हवे, त्याला ते स्वेच्छेने घेण्याची मुभा आहे.

ही मुभा कागदावर एका ओळीची असली, तरी तिचे मोल मैदानावर कळते. रायफल खोलून पुन्हा जोडणे हे हातांचे काम आहे. अकरा महिने की-बोर्डवर किंवा नांगरावर असलेल्या हातांना ते पहिल्या दिवशी आठवावे लागते. फायरिंग रेंजवरही तेच. पालथे पडून, दस्ता खांद्यात घट्ट रोवून, श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि ट्रिगर ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. हे सगळे ठाऊक असते, तरी पहिल्या पाच गोळ्या निशाणपाटीवर विखुरतात. छिद्रे जवळजवळ येऊ लागतात, ज्याला रेंजवर ‘ग्रुपिंग’ म्हणतात, तोवर शिबिर उठायची वेळ झालेली असते. नेमून दिलेले दिवस मागचे विसरलेले भरून काढण्यातच जातात, नवे शिकायला त्यापुढचे दिवस लागतात. म्हणून वाढीव सराव मागणाऱ्याला हौशी म्हणणे मला पटत नाही. राखीव सैनिक ऐन वेळी उपयोगी पडेल की नाही, हे त्या जास्तीच्या दिवसांवर ठरते.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी. 2011 मध्ये त्यांना टीएच्या पॅराशूट बटालियनमध्ये मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. मानद हुद्द्याबरोबर विमानातून उडी मारण्याची सक्ती येत नाही. तरीही 2015 मध्ये आग्र्याच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी पाच उड्या पुऱ्या केल्या. 2019 मध्ये ते काश्मीरमध्ये 106 टीए बटालियनबरोबर पंधरा दिवस राहिले आणि गस्त व पहाऱ्याची कामे केली.

महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या 101 (पुणे) आणि 109 (कोल्हापूर) या टीए बटालियन आहेत. देवळालीला पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न 116 बटालियन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ‘टीएची भरती’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरची 136 इको बटालियन मात्र वेगळ्या जातीची. मराठवाड्यात झाडे लावून ती जगवणे हे तिचे काम. अशा इको तुकड्या मुख्यतः माजी सैनिकांमधून उभ्या करतात.

अडचण बहुधा रजेची असते. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर आहे. पण आपणहून मागितलेल्या दिवसांसाठी साहेबाची मर्जी सांभाळावी लागते आणि घरच्यांनाही समजवावे लागते. ज्याचे दुकान स्वतःचे आहे, त्याला तेवढे दिवस शटर ओढून ठेवावे लागते. टीए हा पोटापाण्याचा पूर्णवेळ धंदा नाही, हे भरतीच्या जाहिरातीतच सांगितलेले असते. सरावाच्या दिवसांचा पगार मिळतो, पण बुडालेले गिऱ्हाईक त्याने परत येत नाही.

अनेक पायदळ बटालियन सीमाभागात दीर्घकाळ तैनात असतात. त्यांच्या जवानांना वार्षिक शिबिराची वाट पाहावी लागत नाही, ते रोजच कामावर असतात. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियम 1948 मधील नियम 33 खाली, टीएचे अधिकारी व जवान सेवेत बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. त्याच आदेशानुसार 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन तैनातीसाठी घेण्याचे ठरले. हा आदेश 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत लागू आहे.